तो काही करत नाही

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. यातला धोका मला शाळेत कोणी सांगितला नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कळला. मी दुधाच्या पिशव्या घेऊन वर चाललो होतो आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका शोनूला घेऊन खाली येत होते. पट्टा काकांच्या हातात होता. पट्ट्याचं दुसरं टोक शोनूच्या गळ्यात असायला हवं होतं, पण तेही काकांच्याच हातात होतं. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. काका प्रसन्न हसले आणि म्हणाले, "या, या. घाबरू नका. तो काही करत..."

आणि शोनू माझ्या पोटरीला चावला.

"...नाही," काका म्हणाले. जुन्या वळणाचे आहेत, वाक्य अर्धवट सोडत नाहीत.

त्यानंतर काही क्षण जिन्यात शांतता होती. मग काकांनी काळ बदलला. "असं त्यानं याआधी कधी केलं नव्हतं हो!" म्हणजे चावण्यापूर्वी रीतिवर्तमान आणि चावल्यानंतर थेट पूर्ण भूतकाळ. मी बरीच वर्षं कुत्रेवाल्यांशी बोलत आलोय, पण त्यांच्यापैकी एकालाही मी या बाबतीत भविष्यकाळ वापरताना ऐकलेलं नाही. "तो काही करणार नाही" असं कोणी म्हणत नाही, कारण ती हमी होईल. आणि खुद्द चावा ज्या काळात घडतो त्या काळातलं वाक्य मालकाकडे नसतंच. तेवढं आपण म्हणायचं असतं, आणि ते बहुधा "आई गं" एवढंच असतं.

"तुम्ही पाय हलवलात ना," काकू वरून म्हणाल्या. मी जिना चढत होतो. पाय न हलवता जिना चढण्याची युक्ती मला अजून साधलेली नाही.

शोनू पॉमेरेनियन आहे. पांढरा, उशीएवढा. दवाखान्यात डॉक्टरांनी "काय चावलं?" असं विचारल्यावर मी "शोनू" म्हणालो आणि मागच्या रांगेतले दोन लोक दुखणं विसरून हसले. लांडग्यासारखा कुत्रा चावला असता तर निदान सहानुभूती तरी मिळाली असती. रक्त आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी मला तिसऱ्या वर्गात टाकलं. चाव्यांमध्ये तिसरा वर्ग सगळ्यात वरचा असतो, हे त्या दिवशी समजलं. नुसतं चाटलं तर पहिला, ओरखडा आला तर दुसरा, रक्त आलं तर तिसरा. साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतलीत का, असं त्यांनी विचारलं. धुतली होती. शेजारच्या आजी लाल तिखटाची वाटी घेऊन धावत आल्या होत्या, त्यांना बायकोनं दारातच थोपवलं होतं. मग जखमेत सीरम आणि दंडात लस. पुढच्या तारखा कागदावर लिहून मिळाल्या: दिवस ०, ३, ७ आणि २८. शून्यापासून मोजणारा दिवस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

माझ्या पिढीच्या मनात कुत्रा चावणं म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. ती जुनी लस सरकारी दवाखान्यांतून २००५ च्या सुमारासच गेली, पण तिचा धाक अजून सेवानिवृत्त झालेला नाही. फोनवर आईनं पहिला प्रश्न विचारला तो "चौदा का?" असा. चार, असं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. चार म्हणजे डॉक्टर नवखा असणार, असं तिचं मत पडलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांत तो ठणठणीत राहिला तर चावला तेव्हा त्याला रेबीज नव्हता. काही वेगळं वागला, लाळ गळली, आवाज बदलला किंवा मेला, तर लगेच या."

कायद्यानं ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचं तो प्राणी एका बाजूला, ज्यानं ठेवायचं तो मालक दुसऱ्या बाजूला, आणि लक्ष कोणी ठेवायचं, तर ज्याला चावला त्यानं. अशा रीतीनं मी दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता काकांच्या दारात उभा राहू लागलो.

मधल्या काळात माझ्या एका वकील मित्राला उत्साह आला. वकिलांना दुसऱ्याच्या पोटरीविषयी फार आस्था असते. तो म्हणाला, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लावू. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जो जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं पुरेसा बंदोबस्त करत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यापूर्वी हेच कलम १८६० च्या दंड संहितेत २८९ क्रमांकानं होतं आणि दंड होता एक हजार. १८६० साली हजार रुपये म्हणजे मालकाला घर गहाण टाकायची वेळ आली असती. नंतर सोनं वाढलं, दूध वाढलं, खुद्द पॉमेरेनियनच्या पिल्लाचा भाव वाढला, पण चाव्याचा दर २०२४ च्या जुलैपर्यंत हजारावरच. दीडशेहून अधिक वर्षं एकाच भावात मिळणारी दुसरी वस्तू या देशात मला तरी आठवत नाही.

कायद्यात जनावराची व्याख्याही आहे: माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. माणूस वगळण्याची खबरदारी मेकॉलेसाहेबांच्या मंडळींना का घ्यावीशी वाटली, हे आमच्या सोसायटीच्या एका तरी सभेला बसल्याशिवाय कळणार नाही. तिकडे नंतर येतो.

"पण गंभीर दुखापत हवी," मित्र म्हणाला. "पूर्वी वीस दिवस माणूस रोजची कामं करू शकला नाही तर गंभीर धरत. आता पंधरा केलेत. तू पंधरा दिवस घरातलं काही काम करू शकला नाहीस, असं वहिनी सांगतील का?"

"सांगीन की," बायको आतून म्हणाली. "एरवीही तो काही करत नाही."

खटल्याचा विचार तिथेच मावळला. शिवाय मित्रानंच मुंबईतल्या एका प्रकरणाची हकिगत सांगून माझा उरलासुरला जोर काढून घेतला. २०१० मध्ये एका रॉटवायलरनं मालकाच्या नातेवाइकाला चावा घेतला होता. दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती २०२३ मध्ये. रॉटवायलर साधारण नऊदहा वर्षं जगतो. खटला तेरा वर्षं जगला.

एक गोष्ट मात्र मित्रानं फार मोलाची सांगितली. जुन्या इंग्रजी कायद्यात, आपला कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं असं सिद्ध करावं लागे. म्हणून तिकडे प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा फुकट, असं गमतीनं म्हणत. आता आपल्याकडचे बंगले आठवा. फाटकावर पाटी, 'कुत्र्यापासून सावध राहा'. फाटक उघडून आत गेलं की मालक म्हणतो, "या हो, तो काही करत नाही." मित्राच्या मते पाटी हा लेखी कबुलीजबाब आहे आणि वाक्य हा तोंडी बचाव, आणि दोन्ही एकाच इसमाचे. काकांच्या दारावर पाटी नाही. 'सुस्वागतम्' आहे.

त्यानंतर मी थोडं वाचायला घेतलं. चावलेला माणूस फार वाचतो. तर ही काही आजची भानगड नव्हे. इराकात एश्नुन्ना नावाचं प्राचीन नगर होतं. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या तिथल्या कायद्यात चावऱ्या कुत्र्याचं कलम आहे: स्थानिक अधिकाऱ्यांनी मालकाला कळवलेलं असूनही त्यानं कुत्रा आवरला नाही आणि कुत्रा चावून माणूस मेला, तर मालकानं ४० शेकेल चांदी भरायची. कळवलेलं असूनही! म्हणजे महापालिकेची नोटीस तेव्हाही होती. "आम्हाला नोटीस मिळालीच नाही" हे उत्तरही तेव्हाचंच असणार. दारावर मातीची वीट चिकटवून गेले, पावसात विरघळली, आम्ही काय करणार?

पण माझं मन जिंकलं ते आपल्या याज्ञवल्क्यांनी. त्यांच्या स्मृतीच्या व्यवहाराध्यायात नियम आहे की दाढांच्या किंवा शिंगांच्या जनावराच्या तावडीत कोणी सापडला आणि शक्य असूनही मालकानं त्याला सोडवलं नाही, तर मालकाला प्रथम साहस दंड, म्हणजे २७० पण. आणि सापडलेला माणूस ओरडत असतानाही सोडवलं नाही, तर दुप्पट. ऋषींना जिना ठाऊक होता! "अहो, धरा त्याला, धरा!" असं आपण ओरडतोय आणि मालक दोन पायऱ्या वर हात मागे बांधून हसतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे असल्याखेरीज तो दुप्पट दंड सुचणारच नाही. मी ओरडलो होतो. हिशेबानं काका मला ५४० पण लागतात. (दंड राजाला जातो, फिर्यादीला नव्हे, असं मित्र म्हणाला. वकील आनंदावर विरजण घालतात ते असं.)

काकांकडे परत जाऊ. पहिल्या दिवशी मी नुसता दारातून डोकावलो. शोनू सोफ्यावर झोपला होता. झोपला होता की कसं, याची खात्री होईना, म्हणून मी टाळी वाजवली. तो भुंकला. मी समाधानानं घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून मारी बिस्किट नेऊ लागलो, कारण अन्न खातो की नाही हे पाहणं आवश्यक होतं. चौथ्या दिवशी तो शिंकला आणि मी कामावर गेलो नाही. काका रोज न चुकता "बसा, चहा घ्या" म्हणत. पाय कसा आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. उलट मी मात्र रोज शोनूची झोप, भूक, शौच यांची इतक्या जिव्हाळ्यानं चौकशी करत होतो की काकूंना गहिवरून आलं. "तुमच्यासारखं प्रेम घरच्यांनीही केलं नाही हो त्याच्यावर," त्या म्हणाल्या. माझ्या कुलदैवतापुढे मी आजवर पोरांच्या परीक्षेसाठी हात जोडले होते. त्या आठवड्यात एका पॉमेरेनियनच्या दीर्घायुष्यासाठी जोडले.

सहाव्या दिवशी त्याच्या भांड्यातलं पाणी तसंच दिसलं. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे हो, कुत्र्याला तसं होत नाही." माझा जीव भांड्यात पडला. रात्री जेवताना मात्र लक्षात आलं की बायको माझ्यासमोर तांब्याभर पाणी ठेवून मी ते कसं पितो हे बारकाईनं बघतेय.

शोनूची लस झालीय का, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. "सगळं झालंय," काका म्हणाले. पुस्तिका सापडायला तीन दिवस लागले. शेवटचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा निघाला. आणि महापालिकेचा परवाना? काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तसं पाहिलं तर शोनू आमचा नाहीच. मुलाचा. तो टोरांटोला असतो ना."

म्हणजे दात पुण्यात आणि मालक टोरांटोला.

मला एकदम आजोळचा कोंडवाडा आठवला. वाई तालुक्यातल्या त्या गावात चावडीमागे दगडी भिंतींचा कोंडवाडा होता. कोणाची म्हैस कोणाच्या उसात शिरली की ती तिथे जमा व्हायची. त्यामागचा कायदा १८७१ चा आहे. त्याचं मूळ दरपत्रक वाचण्यासारखं आहे: म्हशीला आठ आणे, गाईबैलाला चार आणे, गाढवाला दोन आणे, शेळीला एक आणा, आणि हत्तीला दोन रुपये. शेतात शिरलेल्या हत्तीला हाकत कोंडवाड्यात नेऊन दोन रुपयांची पावती फाडणाऱ्या कारकुनाचं चित्र डोळ्यांपुढे आलं की मला इंग्रजी राज्याबद्दल क्षणभर आदर वाटतो. तर म्हैस कोंडली की तिचा मालक नाहीसा व्हायचा. आख्ख्या गावाला, म्हशीच्या शेणापासून शिंगापर्यंत, ती कोणाची हे ठाऊक असायचं. म्हैस स्वतः भिंतीवरून मान काढून, रस्त्यानं जाणाऱ्या आपल्या धन्याकडे बघून हंबरायची. तो धोतराचा सोगा सावरत, "कुणाची हो ही?" असं विचारून पुढे जायचा. सात दिवसांनी नोटीस निघते आणि मग लिलाव होतो, याचा हिशेब मात्र त्याच्याकडे पक्का. सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला हळूच येऊन, "सापडली एकदाची! किती शोधली हिला!" असं म्हणत पैसे मोजायचा.

जनावर दूध देतं तोवर आमचं, फोटोत गोड दिसतं तोवर आमचं बाळ, आणि उसात किंवा पोटरीत शिरलं की मुलाचं. मांजरांच्या बाबतीत तर विचारूच नका. २०२२ मध्ये पुण्याच्या महापालिकेनं मांजरांच्याही नोंदणीचा ठराव केला. आमच्या आळीतली एक मांजरी पाच घरी पाच नावांनी जेवते. तिच्या अर्जावर मालक म्हणून कोण सही करणार? खरं तर त्या पाच घरांच्या अर्जावर मालक म्हणून तिनंच पंजा उमटवायला हवा.

आठव्या दिवशी सोसायटीची विशेष सभा झाली. विषय एकच होता: 'धोकादायक पाळीव प्राणी व त्यांच्या मालकांच्या जबाबदाऱ्या'. सेक्रेटरींनी तयारी केली होती. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवलेलं पत्र त्यांनी वाचायला घेतलं. २३ हिंस्र जातींवर बंदी घाला, असं ते पत्र. पिटबुल, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलिरो, बोअरबोल, कांगल, टोर्नयाक... सेक्रेटरी सत्यनारायणाच्या पोथीच्या सुरात वाचत होते आणि आम्ही हात जोडायचेच काय ते बाकी होते. यादीत टोसा इनू आला. थोड्या वेळानं जपानी टोसा आला. दोन्ही एकच कुत्रा. एवढा धोकादायक की दोनदा बंदी. पुढे नुसतंच 'टेरियर', मग तो पर्समध्ये मावणारा का असेना. शेवटी 'बँडॉग'. हा कुठला, असं कोणी विचारल्यावर तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "लग्नाचा बँड आला की भुंकतो तो." मग तर आळीतले सगळेच बाद झाले.

यादीत पॉमेरेनियन नव्हता. काकांनी शोनूच्या वतीनं मान ताठ केली.

"शिवाय ते पत्र आता नाहीच," तिसऱ्या मजल्यावरची वकिलीला असलेली मुलगी म्हणाली. "एप्रिलमध्येच कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं म्हणून." सेक्रेटरींचा चेहरा पडला. आमच्या सोसायटीतल्या संबंधितांचं म्हणणं आम्ही रोज रात्री दोन वाजता ऐकतो, पण ते न्यायालयाच्या नोंदीत कसं आणायचं?

मग लिफ्ट. कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करावी, असा ठराव आला. मुलगी पुन्हा उठली आणि म्हणाली, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला तशी बंदी करता येत नाही. यावर चाळीस मिनिटं खडाजंगी झाली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

अखेर अध्यक्षांनी सूत्रं हाती घेतली. करारी माणूस. म्हणाले, "कुत्रा असो, मांजर असो, प्रत्येक प्राण्याचा परवाना सोसायटीत जमा झालाच पाहिजे. एकाही घरात बेकायदा प्राणी चालणार नाही!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी जागा होऊन, सभा ज्यांच्या बैठकीच्या खोलीत चालली होती त्या अध्यक्षांच्याच गॅलरीतून आवाज आला, "विठ्ठल! विठ्ठल!"

मुलगी तिसऱ्यांदा उठली. देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, असं तिनं अत्यंत नम्रपणे सांगितलं. बोट पुढे केलं की तो पोपट चावतो, हे तर सोसायटीतल्या प्रत्येक लहान मुलाला अनुभवानं ठाऊक आहे. पोपट अध्यक्षांचा होता आणि झालाही अध्यक्षांचाच. ते घसा साफ करत म्हणाले, "तसा तो आमच्या हिचा आहे." ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

दहावा दिवस उजाडला. मी पाच मिनिटं आधीच पोचलो. शोनू दारात माझी वाट बघत बसला होता. बिस्किट खाल्लं, माझ्या चपलेवर पाय ठेवून शेपूट हलवली. ठणठणीत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावं असं म्हटलं होतं, आणि त्या सक्तीला सर्वोच्च न्यायालयानं महिनाभरातच स्थगिती दिली होती, हे मला तेव्हा आठवलं आणि हायसं वाटलं. नाहीतर दहा दिवसांच्या बिस्किटांवर काकांनी शोनू माझ्या नावावर करून टोरांटोला कळवलं असतं.

अठ्ठाविसाव्या दिवशीचं शेवटचं इंजेक्शन घेऊन मी दंड चोळत जिना चढत होतो. वळणावर कुरिअरचा एक पोरगा खोकं छातीशी धरून भिंतीला चिकटला होता. दोन पायऱ्या वर काका, हातात पट्ट्याची दोन्ही टोकं, आणि मध्ये शोनू.

"अरे, ये रे वर," काका त्याला म्हणत होते. "तो काही करत नाही." मग त्यांना मी दिसलो आणि त्यांचा चेहरा उजळला. "विचार, यांना विचार! दहा दिवस रोज सकाळी त्याला भेटायला येत होते."